सॉफ्ट पाण्याच्या मागे: बेल्जियमच्या लाये खोऱ्यातली दीडशे वर्षं

बेल्जियममध्ये पाण्याची टंचाई आहे असं मी घरी फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईला वाटलं मी भलत्याच देशाबद्दल बोलतोय, कारण तिने इथले जेवढे फोटो पाहिलेत त्यात कायम ढगाळ आभाळ, ओले रस्ते आणि हिरवीगार शेतं. आणि तिचं चुकलं नव्हतं. इथे वर्षाला ८०० मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहरापेक्षा जरासा जास्तच, फक्त पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो आणि इथे बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो.

तरीही २०१९ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने १६४ देशांची यादी काढली, कुठला देश आपल्याकडच्या पाण्यातलं किती ओढून घेतो त्यावर, तर त्यात बेल्जियम २३ वा आला. भारत १३ वा होता. ज्या ग्रीस आणि स्पेनला आपण कोरडे देश समजतो ते २६ आणि २८ वर, म्हणजे बेल्जियमच्या मागे. कारण सरळ आहे, देश महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश, त्यात सव्वा कोटीच्या जवळ माणसं, आणि त्याच जागेत स्टील, केमिकल, कापड, बटाटा, भाजी, अणुवीज सगळं कोंबलेलं. वीजकेंद्रांचं कूलिंग यातला खूप मोठा भाग खातं, ते पाणी बरंचसं नदीला परतही जातं, त्यामुळे तो २३ नंबर बघून लगेच घाबरायचं कारण नाही. पण ऑगस्ट २०२० च्या उष्णतेच्या लाटेत ब्रसेल्सला चिकटून असलेल्या ओव्हरआइसे गावात नळाला खरोखरच पाणी आलं नाही, लोकांना बाटल्या वाटाव्या लागल्या, आणि तेव्हा इथल्या लोकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की असंही होऊ शकतं.

मी लिहितोय ती केस मात्र नळाची नाही, कारखान्याची आहे, आणि ती २०२० च्या किती तरी आधी सुरू होते. जागा म्हणजे देशाच्या पश्चिमेचा फ्लँडर्समधला (हा बेल्जियमचा उत्तरेकडचा प्रदेश) लाये नदीचा पट्टा, कोर्टराइक, वारेगेम, आणि थोडं उत्तरेला रूसेलारे. या भागात एका डाईंग युनिटच्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या, पाणी विभागात मी चार वर्षं काढली, युनिटचं नाव इथे नको. पण त्या चार वर्षांत मला हे कळलं की कारखान्याला नुसतं "पाणी" कधीच कमी पडत नाही, त्याला एक विशिष्ट पाणी कमी पडतं, ठरावीक गुणाचं आणि ठरावीक भावाचं, आणि ते संपलं की तो पुढच्या पाण्यावर उडी मारतो. या पट्ट्यात अशा दोन उड्या झाल्या, नदीवरून जमिनीखाली, आणि तिथून वापरलेल्या पाण्यावर.

नदीचं पाणी

लाये नदी फ्रान्समध्ये उगम पावते, कोर्टराइकवरून वाहत गेंट शहरात शेल्ड नदीला मिळते. संथ, सपाट प्रदेशातली नदी. तिला इथे "सोनेरी नदी" म्हणतात आणि ते सोनं म्हणजे जवस. हो, आपल्या विदर्भात ज्याची चटणी करतात आणि तेल काढतात तेच जवस, झाड एकच, फक्त इथे बी दुय्यम आणि दांडा मुख्य, कारण दांड्याच्या सालीत लिननचा धागा असतो.

तो धागा सुटा करायला दांडा कुजवावा लागतो. ज्यांनी गावाकडे अंबाडी किंवा ताग पाण्यात बुडवून ठेवलेला पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पेंढ्या पाण्यात टाकायच्या, वर दगड ठेवायचे, आठ-पंधरा दिवसांत जिवाणू सालीतला चिकट पदार्थ खातात आणि धागा मोकळा होतो. लायेच्या काठावर हे काम मोठाल्या लाकडी पिंजऱ्यांत व्हायचं. पेंढ्या पिंजऱ्यात उभ्या रचायच्या, वरून झाकायच्या, दगडांनी दाबून पिंजरा पाण्याखाली न्यायचा, आणि वेळ झाली की रहाटाने ओढून काठावर घ्यायचा, मग पेंढ्या शेतात तंबूसारख्या उभ्या करून वाळवायच्या. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत हा सीझन. कोर्टराइकला टेक्स्चर नावाचं म्युझियम आहे, २०१४ मध्ये उघडलं, तिथे या धाग्याच्या जुड्या ठेवल्यात, फिक्कट सोनेरी, एखाद्या म्हातारीच्या केसांसारख्या मऊ. लायेत कुजवलेला धागा त्या काळात जगात सगळ्यात उत्तम समजला जायचा, इतका की हॉलंड आणि फ्रान्समधून जवसाचे भारे मुद्दाम इथे कुजवायला आणायचे. लोक म्हणायचे नदीच्या पाण्यातच काहीतरी आहे. पाणी संथ होतं, फार जड नव्हतं, उन्हाळ्यात कोमट व्हायचं, एवढं पुरेसं होतं.

पण जिवाणू कुजवताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन खातात. मासे मरायचे, पाणी काळं पडायचं, आणि वास मैलोन् मैल जायचा. खाली गेंट शहर बसलेलं, त्यांची तक्रार एकोणिसाव्या शतकात सतत चालू होती. मग लायेचं पाणी गेंटला न नेता मधूनच डाइन्झेपासून समुद्राकडे वळवणारा कालवा खणला गेला, १८४६ ते १८६० या काळात, मुख्य कारण पूर आणि पाण्याचा निचरा, पण त्यातून कुजणीचं घाण पाणीही जायला लागलं. त्या कालव्याचं अधिकृत नाव वेगळं आहे, लोक त्याला आजही "स्टिंकर" म्हणतात, म्हणजे नासका, वास मारणारा. मी सायकलवरून त्याच्या काठाने बऱ्याचदा गेलोय, आता वास नाही, दोन्ही बाजूंना उंच पॉपलरची झाडं आहेत आणि माणसं गळ टाकून बसलेली असतात, पण नाव काही पुसलं गेलेलं नाही.

त्यात वरच्या अंगाला फ्रान्समधल्या कापड शहरांचं सांडपाणी वेगळंच, ते सीमा ओलांडून बेल्जियममध्ये यायचं आणि त्यावरून दोन देशांत वर्षानुवर्षं वाद झाले. म्हणजे नदी आटली नव्हती, पाणी भरपूर वाहत होतं, पण ज्या गुणासाठी कारखाने तिच्या काठावर आले तो गुणच उरला नाही. १९४० च्या दशकात लायेत जवस कुजवणं कायद्याने बंद झालं. तोपर्यंत बरेच मालक गरम पाण्याच्या सिमेंटच्या टाक्यांकडे वळलेच होते, आणि टाकीला नदी लागत नाही, टाकीला विहीर लागते.

जमिनीखालचं पाणी

खरी केस इथून सुरू होते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लिनन मागे पडलं आणि याच भागात गालिचे, सोफ्याचं कापड, पडदे, चादरी यांचे कारखाने उभे राहिले. वारेगेम आणि आसपासची गावं युरोपभर गालिच्यांसाठी ओळखली जायला लागली. विणायला पाणी फारसं लागत नाही, पण रंगवायला प्रचंड लागतं, ब्लीचिंग, डाईंग, मग धुवा, परत धुवा, एक किलो कापडामागे मशीन आणि प्रोसेसप्रमाणे पन्नास ते दीडशे लिटर सहज जातात. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये काम केलेल्या माणसाला हा हिशेब पाठ असतो.

आणि रंगाला जड पाणी चालत नाही. आपल्याकडे जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तसंच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रंगाच्या आणि साबणाच्या रेणूंना धरून बसतात, कापडावर ठिपके पडतात, बॉयलरला खवले येतात. आमच्या युनिटमध्ये एकदा रात्रपाळीला सॉफ्टनरची (जड पाणी सॉफ्ट, म्हणजे हलकं करणाऱ्या यंत्राची) मिठाची टाकी रिकामी राहिली, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि सकाळी बदामी रंगाचा अख्खा लॉट डागाळलेला निघाला. मी तेव्हा दोन फ्लास्क घेऊन साबणाची टेस्ट केली, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आमच्या जुन्या खोल बोअरचं. नळाच्या पाण्यात साबण टाकून हलवलं तर दुधासारखा गढूळपणा आणि वर मळकट साय. बोअरच्या पाण्यात तेवढ्याच साबणाला बोटभर उंच पांढरा फेस आला आणि तो कितीतरी वेळ तसाच राहिला. तिथल्या जुन्या डायरला, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारागिराला, ते बोअरचं पाणी सोन्यासारखं का वाटायचं हे मला त्या फ्लास्ककडे बघून कळलं.

ते पाणी येतं कुठून? या भागात वरून खाली गेलात तर आधी थोडी माती-वाळू, मग चिकणमातीचा जाड थर, काही ठिकाणी शंभर मीटरच्या घरात. भूगर्भशास्त्रात या मातीच्या थराला चक्क कोर्टराइकचंच नाव आहे. त्याच्या खाली वाळूचा थर, कुठे खडू, आणि त्याखाली ४०-५० कोटी वर्षांपूर्वीचा भेगाळलेला कठीण खडक. या वाळूत आणि खडकाच्या वरच्या भेगांत पाणी आहे, इथले लोक या सगळ्या थराला "सोकेल" म्हणतात, म्हणजे बैठक, पाया. वरची चिकणमाती झाकणासारखी घट्ट, त्यामुळे वरून पाऊस झिरपून तिथे पोचत नाही म्हटलं तरी चालेल. पाणी शिरतं ते दूर दक्षिणेला आणि पूर्वेला, जिथे हे थर जमिनीच्या जवळ येतात, आणि तिथून सरकत सरकत कोर्टराइकखाली यायला त्याला हजारो वर्षं लागतात. त्या प्रवासात पाण्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटतं आणि बदल्यात सोडियम सुटतं. फॅक्टरीतला सॉफ्टनर मिठाची पोती खाऊन जे काम करतो तेच काम जमिनीने आधीच करून ठेवलेलं. शिवाय पाणी स्वच्छ, बाराही महिने एकाच तापमानाचं, आणि सुरुवातीला दाबाखाली, म्हणजे बोअर मारला की पाणी आपणहून बरंच वर चढायचं.

आता असं पाणी फुकटात मिळत असेल तर कोण सोडेल? १९५० पासून पुढची तीस-चाळीस वर्षं प्रत्येक कारखान्याने आपापला खोल बोअर मारला. डाईंगवाल्यांनी, भाजीवाल्यांनी, लॉन्ड्रीवाल्यांनी. हजारो वर्षांत साठलेलं पाणी एका पिढीत उपसायला लागले. पातळी खाली जायला लागली, ठिकठिकाणी मूळच्यापेक्षा पन्नास-शंभर मीटरने, आणि वारेगेमच्या आसपास जमिनीखाली पाण्याच्या दाबाचा उलट्या शंकूसारखा खळगा तयार झाला. नगरकडचा किंवा मराठवाड्यातला शेतकरी हे चांगलं ओळखतो, शेजाऱ्याने पंप खाली सोडला की आपल्यालाही सोडावा लागतो, मग तो पुन्हा सोडतो, आणि दोघांचंही वीजबिल वाढतं. आमच्या युनिटच्या जुन्या रजिस्टरमध्ये पंपाच्या खोलीची नोंद आहे, दर काही वर्षांनी आकडा वाढत गेलेला, शेजारी सही आणि तारीख, आणि कुठेही "का" असा प्रश्न नाही. मला ते रजिस्टर वाचताना वाईट वाटलं, सही करणारी माणसं हुशार होती, पण प्रत्येकाला फक्त आपला पंप दिसत होता.

बाजूलाच दुसरं उदाहरण घडत होतं. सीमेवर तूर्ने, मुक्रोन आणि फ्रान्सचं रूबे या भागाखाली चुनखडीचा थर आहे, त्यातलं पाणी दोन्ही देशांचे कारखाने आणि शहरं उपसत होती, आणि तूर्नेच्या आसपास जमीन अचानक खचून मोठे खड्डे पडायला लागले. तिथे उपाय म्हणून दगडाच्या खाणींमधून उपसून फेकलं जाणारं पाणी शुद्ध करून पाईपने आणलं आणि चुनखडीतला उपसा कमी केला. सोकेलमध्ये असे खड्डे पडले नाहीत, खडक कठीण आहे. त्यामुळे तिथे डोळ्याला काही दिसतच नव्हतं, जमीन शाबूत, शेतं हिरवी, नदी वाहतेय, आणि शंभर मीटर खाली सगळं बसत चाललेलं. माझ्या मते तिथे कारवाई इतकी उशिरा होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

लगाम

फ्लँडर्समध्ये भूजलाचा कायदा १९८४ चा. त्याआधी १९८० च्या घटनाबदलापासून पाणी हा विषय केंद्राकडून प्रदेशांकडे गेला होता, म्हणून फ्लँडर्सचे नियम वेगळे, वॉलोनियाचे, म्हणजे दक्षिणेकडच्या प्रदेशाचे, वेगळे, आणि पाणी मात्र दोन्हींच्या खालून एकच. कायद्याने परवाना आला, मीटर आला, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी उपशावर कर आला. सुरुवातीला तो कर इतका किरकोळ होता की नळाच्या पाण्यापेक्षा बोअर कितीतरी स्वस्त पडायचा. नंतर कराची रचना बदलली, कुठल्या थरातून आणि कुठल्या भागातून उपसताय त्यावर दर ठरायला लागला, म्हणजे वरच्या थरातलं पाणी स्वस्त आणि सोकेलचं महाग, त्यातही खळग्याच्या भागात आणखी महाग. मला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. पाणी म्हणून सगळ्याला एकच भाव लावला असता तर ज्याला फक्त गाड्या धुवायच्या किंवा कूलिंग करायचंय तोही दहा हजार वर्षांचं सॉफ्ट पाणी वापरत राहिला असता. थरावर भाव लावल्यावर लोकांनी पहिल्यांदा आपापल्या कारखान्यात फिरून बघितलं की नेमकं कुठे सॉफ्ट पाणी लागतंच आणि कुठे पावसाचं, कालव्याचं, किंवा एकदा वापरलेलं चालेल.

परवाने नव्याने देताना आकडेही कापत नेले. २००० मध्ये युरोपियन युनियनची पाण्याची मोठी चौकट आली, त्यात प्रत्येक भूजल साठा २०१५ पर्यंत बऱ्या अवस्थेत आणायचा होता, मुदत पुढे २०२७ पर्यंत वाढली, पण त्या दडपणामुळे परवान्याच्या कपातीला मागे फिरणं अवघड झालं.

आणि पातळी वर यायला लागली. २००० नंतर खळग्याच्या भागातल्या निरीक्षण विहिरींत पाणी चढतंय हे आलेखात स्पष्ट दिसतं. इथले लोक ही यशोगाथा म्हणून सांगतात आणि कर व परवान्याचं श्रेय मी अजिबात कमी करणार नाही. पण त्याच काळात, १ जानेवारी २००५ ला, कापडावरचे जागतिक कोटे संपले, चीन, भारत इथला माल मोकळा आला, आणि लायेकाठच्या कितीतरी रंगाईशाळा बंद पडल्या. जमिनीखालची पातळी जी वर आली त्यात किती भाग धोरणाचा आणि किती बंद पडलेल्या गेटांचा, हे वेगळं काढणं कठीण आहे. ज्याची नोकरी गेली त्याच्यासाठी तो आलेख वेगळा दिसतो. आमच्या शेजारचं युनिट मी असताना बंद झालं, बोअर काँक्रीट भरून सील केला, आणि तिथे ३० वर्षं डायर असलेला माणूस आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवायला लागला. तो दुपारच्या ब्रेकला आमच्या लॅबमध्ये यायचा आणि शेड बघून रेसिपी सांगायचा, एकही चुकायची नाही.

एक वेगळी वाट, थोडक्यात

देशाच्या पूर्वेला वेर्विए शहर आहे, लोकरीचं. तिथल्या वेद्र नदीचं पाणी वरच्या दलदलीच्या पठारावरून येतं आणि फार सॉफ्ट असतं, म्हणूनच लोकर धुण्याचा धंदा तिथे वाढला. १७९९ च्या सुमारास विल्यम कॉकेरिल नावाच्या इंग्रज कारागिराने तिथे कताईची यंत्रं उभी केली आणि युरोपच्या मुख्य भूमीवरचा यंत्रांचा कापडधंदा बराचसा तिथून सुरू झाला. उन्हाळ्यात नदी अपुरी पडायला लागल्यावर त्यांनी लोकरीच्या कारखान्यांसाठी जिलेप नदीवर धरण बांधलं, १८७८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, भिंतीवर दगडाचा प्रचंड सिंह बसवलाय. लायेवाल्यांनी पाणी खालून काढलं, वेर्विएवाल्यांनी वरून साठवलं. धरणातलं पाणी दर वर्षी पुन्हा भरतं, खडकातलं भरत नाही, फरक तेवढाच पण फार मोठा. लोकरीचा धंदा विसाव्या शतकात बसला, धरण मात्र पिण्याच्या पाण्यासाठी चालू आहे. जुलै २०२१ मध्ये याच वेद्र खोऱ्यात पूर आला, वेर्विए आणि पेपिनस्टर उद्ध्वस्त झाले, त्या पुरात बेल्जियममध्ये ३९ माणसं गेली. आदल्या वर्षी नळ कोरडा, पुढच्या वर्षी पूर, आणि दोन्ही दोनशे किलोमीटरच्या आतल्या गोष्टी.

वापरलेलं पाणी

परत लायेकडे. कापड गेलं तशी भाजी वाढली. रूसेलारे आणि आर्डोये हा भाग फ्रोझन भाज्यांसाठी युरोपात सगळ्यात मोठ्यांपैकी एक, मटार, पालक, गाजर, फ्लॉवर, आणि त्याला लागून फ्रेंच फ्राईजचे कारखाने, कारण फ्रोझन फ्राईजच्या निर्यातीत बेल्जियम जगात अगदी वरच्या नंबरावर आहे. भाजी धुवायला, वाफवायला, थंड करायला पाणी लागतं आणि अन्नाला लागणारं पाणी पिण्याच्या दर्जाचंच हवं. शेतालाही पाणी तेव्हाच लागतं जेव्हा कारखान्याचा सीझन असतो, म्हणजे उन्हाळ्यात. पश्चिम फ्लँडर्सला स्वतःचं चांगलं भूजल कमी, फ्लँडर्सला वॉलोनियाकडून पाणी घ्यावंच लागतं, त्यात घरं-रस्त्यांनी १५-१६ टक्के जमीन झाकलेली, पाऊस पडला तरी गटारातून लगेच समुद्राकडे.

मग २०१७, २०१८, २०१९, २०२० ओळीने कोरडे उन्हाळे आले. २०१९ च्या जुलैमध्ये देशाच्या इतिहासात पहिल्यांदा पारा ४० च्या वर गेला. ओढ्यांमधून पाणी उचलायला बंदी, बागेला पाणी घालायला बंदी, शेतकरी टँकर घेऊन कालव्यावर रांगेत. फ्लँडर्स सरकारने जुलै २०२० मध्ये पर्यावरण मंत्री झुहाल देमिर यांच्या पुढाकाराने "ब्लू डील" नावाचा दुष्काळाविरुद्धचा कार्यक्रम आणला, फरशी उखडणं, दलदली परत जिवंत करणं, आणि उद्योगांनी पाणी पुन्हा वापरणं.

पण काही जण आधीच कामाला लागले होते. समुद्रकिनाऱ्यावर कोक्साइडेजवळ टोरेले इथे २००२ पासून गावाचं शुद्ध केलेलं सांडपाणी मेम्ब्रेन आणि आरओमधून काढून वाळूच्या टेकड्यांमध्ये मुरवतात आणि मग तेच विहिरींतून पिण्यासाठी उपसतात, हे इतक्या लवकर करणारे युरोपात फार कमी. आणि आर्डोयेला आर्डो या भाजीच्या कंपनीने शेतकऱ्यांसोबत एक योजना उभारली जी मला या सगळ्या केसमध्ये सगळ्यात जास्त आवडते. भाज्या धुतलेलं पाणी ईटीपीतून (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेतून) साफ होऊन आधी ओढ्यात जायचं. आता ते दीड लाख घनमीटरच्या तळ्यात साठवतात, आणि जमिनीखालच्या पाईपने जवळपास ५०० हेक्टर शेतांना देतात, जागोजागी हायड्रंट, शेतकऱ्याने यायचं, पाईप जोडायचा, पाणी सोडायचं. ज्या पाण्याने पालक धुतला त्याच पाण्यावर पुढचा पालक वाढतो. वापरलेल्या पाण्यात थोडा नायट्रोजन-फॉस्फरस असतो तो पिकालाच मिळतो. आपल्याकडे साखर कारखान्याचं पाणी आजूबाजूच्या उसाला देतात तशीच कल्पना, फक्त इथे शेतकरी सहकारी पद्धतीने त्याचे भागीदार आहेत आणि कोणाला किती पाणी हे कागदावर ठरलेलं असतं.

आमच्या युनिटनेही शेवटच्या दोन वर्षांत आरओ बसवला. अर्ध्याहून जास्त पाणी परत वापरात आलं, बोअरचा परवाना कापला गेला तरी उत्पादन थांबलं नाही, मी त्या कामात होतो याचा मला आनंद आहे. पण आरओच्या दुसऱ्या टोकाला जे उरतं ते कुठे जातं हेही मी रोज बघत होतो. जेवढं पाणी परत घ्याल तेवढं मीठ, रंग आणि केमिकल उरलेल्या थोड्या पाण्यात दाटत जातं. ते कॉन्सन्ट्रेट ओढ्यात सोडायला मर्यादा आहे आणि ती असायलाच हवी.

आणि ओढ्याचंही एक गणित आहे जे मीटिंगमध्ये कोणी पटकन बोलत नाही. रूसेलारेजवळून मांडेल नावाची छोटी नदी वाहते, लायेला मिळते. कोरड्या ऑगस्टमध्ये तिच्यात जे पाणी दिसतं त्यातलं बरंचसं कारखान्यांच्या आणि गावांच्या ईटीपीमधून आलेलं असतं. आता प्रत्येक कारखान्याने आपलं पाणी आपल्याकडेच फिरवलं तर मांडेलमध्ये काय उरणार? मासे, काठचे शेतकरी, खालची गावं, त्यांनी ते पाणी "सांडपाणी" म्हणून सहन केलं होतं आणि आता तेच त्यांची नदी झालंय. एका ऑगस्टमध्ये मी आमच्या आउटलेटपाशी उभा होतो, आरओ पूर्ण लोडवर चालू होता, पाईपमधून नेहमीच्या एक तृतीयांश धार येत होती, आणि खाली दगडांवर शेवाळाची ओली रेघ आदल्या आठवड्याच्या पातळीवर अजून दिसत होती, पाण्याच्या चांगली वीतभर वर. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच महिन्यात आम्हाला लेखी विचारलं की कोरड्या दिवसांत किमान किती पाणी ओढ्याला सोडणार, आणि आमच्या फाईलमध्ये त्याचं उत्तर लिहायला रकानाच नव्हता. तो आम्ही हाताने आखला.